काचेवरची हळद

नागपंचमीच्या दुपारी शेजारच्या काकू आमच्या दारात आल्या, तेव्हा त्यांच्या हातात झाकलेले ताट होते. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत त्यांचे घर आणि आमचे घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि भिंतीपलीकडे त्यांचे चार माग आहेत. वर्षातले बहुतेक दिवस त्या भिंतीतून खटखट ऐकू येते. त्या दिवशी मात्र माग बंद होते आणि पागोळ्यांखेरीज कसलाच आवाज नव्हता. वारुळाला जाऊन आल्याने काकूंच्या पायांना चिखल लागला होता. “एवढं जवळ हाय, हात जोडून जाते,” असे त्या आईला म्हणाल्या. आमच्याकडे साप आहे हे त्यांना दीड वर्षापासून माहीत होते, पण तोवर त्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. मागोमाग त्यांची सूनही आली. मी पेटीवरचे कापड बाजूला केले. उजेड आत गेला, तसे मडक्याच्या तोंडातून त्या सापाच्या मादीने डोके बाहेर काढले. ते डोके थरथरत एका बाजूला कलले, वर उचलले गेले, हवेत अर्धे वर्तुळ काढून उलटे झाले, क्षणभर तसेच आभाळाकडे हनुवटी करून राहिले आणि मग खाली आले. काकूंचे हात आपोआप जोडले गेले. “डोलूलालंय बघ,” त्या मला म्हणाल्या आणि सुनेकडे वळून कन्नडमध्ये म्हणाल्या, “हेंग आडतैती नोड!” आडणे म्हणजे खेळणे. दोन्ही भाषांत त्यांनी एकच सांगितले होते, की हा जीव आनंदात आहे. त्यांनी काचेला हळदकुंकू लावले, झाकणावर लाह्या ठेवल्या. दुधाची वाटी मी हळूच बाजूला घेतली. दिंडांचा डबा आईच्या हातात देऊन त्या गेल्या.

मी काहीच बोललो नाही. रात्री काच पुसताना बोटाला हळद लागली, आणि दुपारी न बोललेले वाक्य घशाशी आले.

ती डोलत नव्हती.

ती आमच्याकडे आली कोल्हापूरहून. एका ओळखीच्या मुलाने ती पिल्लू असताना घेतली होती आणि तो शिकायला परदेशी निघाला होता. घरातले कोणी तिला हात लावायला तयार नव्हते. मी त्याच्याकडे वेगळ्याच कामासाठी गेलो होतो. त्याच्या माडीवर कोपऱ्यातल्या पेटीत मी तिला प्रथम पाहिले आणि खरे सांगायचे तर आधी मला तिचे सौंदर्यच दिसले. तपकिरी-सोनेरी अंगावर काळ्या बारीक रेघांची जाळी, जणू कुणी कोळ्याचे जाळे ओढून काढून पाठीवर पसरले आहे. बाजूंना पांढरट, पोट दुधासारखे. या रंगरेषेच्या बॉल पायथनला, म्हणजे एका लहान जातीच्या अजगराला, ‘स्पायडर’ म्हणतात ते या जाळीवरूनच. मग तिने डोके हलवले, आणि मला वाटले की तिला काहीतरी चावले असावे. “नाही, ते असंच असतंय तिचं,” मुलगा म्हणाला, “म्हणून तर मी तिला भिंगरी म्हणतो.” त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हते, लाडच होता. पण ते नाव मला तेव्हाही उच्चारवले नाही आणि आजही उच्चारवत नाही. आमच्या घरी तिला नाव नाही. आई ‘ते बाळ’ म्हणते, मी ‘ती’ म्हणतो.

लगेच उचलून आणता येण्यासारखी गोष्ट ती नव्हती, आणि ते योग्यच आहे. आपल्या रानातला, शेतातला कोणताही साप, अगदी बिनविषारी धामण किंवा विरोळासुद्धा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे घरात पाळता येत नाही. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, म्हणून तो बाळगता येतो. पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी जीवांची सरकारदरबारी नोंद लागते आणि हात बदलला तर तेही कळवावे लागते. मुलाने पूर्वी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेली होती. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचे म्हणून कागदपत्रांना वेळ लागला, आणि तोवर मी एक रविवार सोडून एक कोल्हापूरला जाऊन तिला खायला घालायला शिकत होतो. शेवटी एका माघातल्या सकाळी, कापडी पिशवीत तिला घालून, ती पिशवी थर्मोकोलच्या डब्यात ठेवून आणि डबा मांडीवर घेऊन मी निघालो. कागलच्या पुढे दूधगंगा ओलांडली, कोगनोळीचा नाका गेला, निपाणी मागे पडली. तवंदी घाटाच्या वळणांवर मला डब्याच्या भिंतीतून तिचे वजन एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकलेले कळायचे. आपल्याला वळणावर जे काही होते ते तिला सरळ रस्त्यावरही होत असते, हे तेव्हा मला नुसते ऐकून माहीत होते. चालकाला मी तीन वेळा गाडी हळू घ्यायला सांगितले. संकेश्वर, हत्तरगी, काकती असे करत घरी पोहोचायला दुपार झाली.

उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये मी पंचवीस वर्षे लेथवर काम करतो आहे. कुठलेही मशीन बसवताना पहिली वस्तू लागते ती लेव्हल, म्हणजे जुन्या गवंड्यांची पाणसळ. काचेच्या नळीत द्रव आणि त्यात एक बुडबुडा. तो मध्यावर आला की मशीन सपाट बसले. पुण्याच्या ज्या डॉक्टरांना आम्ही तिला दाखवले, त्यांनी कागदावर सापाचा आतला कान काढून दाखवला तेव्हा मला ही लेव्हलच आठवली. सापाला बाहेरचा कान नसतो, पण आतला असतो. त्यात तीन वाकड्या नळ्या आणि त्यांच्या खाली एक छोटी पिशवी. डोके कुठे कलले, वर कुठे, खाली कुठे, हे त्या नळ्यांतले पाणी सांगते. स्पायडर जातीच्या सापांत त्या नळ्या आणि ती पिशवी घडतानाच बिघडलेली असतात. २०२२ साली शास्त्रज्ञांनी अशा सापांच्या कवट्यांचे स्कॅन काढून ते स्पष्ट दाखवले. म्हणजे तिच्या डोक्यातली लेव्हल मुळातच वाकडी बसवलेली आहे. तिचा बुडबुडा कधीच मध्यावर येत नाही, आणि ती आयुष्यभर तो मध्यावर आणायचा प्रयत्न करत राहते.

आणि हे रानात आपोआप वाढले नाही, याचा मला अजून त्रास होतो. १९९९ च्या सुमारास आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या एका सापाच्या अंगावर ही जाळी होती. ती लोकांना आवडली, म्हणून त्यापासून पिल्ले काढली, त्यांच्यापासून आणखी काढली. जाळी आणि हा तोल जाणे ही दोन्ही एकाच जनुकातून येतात. आजवर कुणाला एक सोडून दुसरे काढता आलेले नाही. ज्याने जाळी घेतली त्याने गरगरणेही घेतले. ब्रिटनमधल्या सर्पप्रेमींच्या एका जुन्या संस्थेने २०१८ मध्ये आपल्या प्रदर्शनांत हे साप विकायला बंदी केली, हे वाचून बरे वाटले. पण तोवर ते जगभर पसरले होते. मी रोज संध्याकाळी तिच्या पाठीवरची ती जाळी पाहतो. ती अजूनही मला सुंदर दिसते. त्याच क्षणी त्या सौंदर्याची चीडही येते, आणि या दोन्हींतली एकही भावना दुसरीला हटवत नाही.

तिला खायला घालणे हे आमच्या घरातले सर्वांत अवघड काम आहे. बारा-चौदा दिवसांतून एकदा, ऐंशी ग्रॅमच्या आसपासचा एक उंदीर. तो आधीच गोठवलेला असतो. त्यासाठी मागच्या सोप्यात वेगळा छोटा फ्रीझर घेतला आहे, कारण सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या आईच्या फ्रीजमध्ये तो ठेवणे मला बरे वाटले नाही. आदल्या रात्री काढून ठेवायचा, मग पिशवीसह कोमट पाण्यात ठेवून अंग उबदार करायचे, कारण पायथनच्या ओठांवर बारीक खळग्यांची रांग असते आणि त्या खळग्यांमुळे ती ऊब ‘पाहते’. खोलीतला दिवा मंद करतो. लांब चिमट्यात उंदीर धरून तिच्यासमोर चार बोटांवर स्थिर ठेवतो. निरोगी पायथन अशा वेळी मानेचा वळसा आवळतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झेप घेतो. हिचा वळसा आवळला जातो, डोके नेम धरते, आणि ऐन वेळी नेम सुटतो. ती झेपावते आणि उंदराच्या शेजारची हवा पकडते. पुन्हा मागे येते. पुन्हा डोके थरथरत उजवीकडे जाते, तिला डावीकडे आणायचे असते. एकदा तिने स्वतःच्याच अंगाला धरले होते. ते सोडवताना माझे हात कापत होते. आता मी शिकलो आहे, की आपण हलायचे नाही, चिमटा हलवायचा नाही, उंदराचे तोंड तिच्या ओठांना अगदी टेकवायचे आणि श्वासही सावकाश घ्यायचा. कधी दुसऱ्या प्रयत्नात जमते, कधी सातव्या. पकड बसली, विळखा पडला, की एक आश्चर्य घडते. विळख्याच्या आत डोके घट्ट धरले गेलेले असते, आणि तेवढा वेळ ते थरथरत नाही. गिळायला सुरुवात होईपर्यंतची ती काही मिनिटे मी तिला पूर्ण शांत पाहतो.

या शांततेचा शत्रू म्हणजे हादरा. साप जबड्याच्या हाडातून जमिनीची कंपने ऐकतो, आणि आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. सुरुवातीला मी पेटी त्याच भिंतीला लावली होती. माग सुरू असताना तिचे डोके दुप्पट फिरते हे लक्षात यायला मला आठवडा लागला. मग पेटी समोरच्या कोपऱ्यात नेली, खाली रबराच्या जाड चकत्या घातल्या, वर्कशॉपमध्ये यंत्रांच्या पायाखाली घालतो त्याच. फरक पडला, पण संपूर्ण नाही. आणि यात एक पेच आहे. आषाढ-श्रावणात आमच्या कौलारू घरात दिवसाही गारठा असतो, आणि तिला एका बाजूला बत्तीस अंश आणि दुसऱ्या बाजूला सव्वीस अंश ऊब लागते, नाहीतर छातीत कफ होऊन ती तोंड उघडून श्वास घेऊ लागते. पेटीतला सिरॅमिकचा हीटर विजेवर चालतो. रात्री-अपरात्री माग एकाएकी थांबले, की मला जाग येते; ते थांबले याचा अर्थ लाईट गेली. म्हणजे ज्या घटकेला तिच्या कानाला विसावा मिळतो, त्याच घटकेला तिच्या अंगाची ऊब जायला लागते. मी उठतो, चुलीवर पाणी ठेवतो, रबरी पिशव्या भरून टॉवेलात गुंडाळून पेटीत सारतो. अशा वेळी बॅटरीच्या उजेडात ती खानापूरच्या कुंभाराने बनवलेल्या त्या मडक्यात, आतल्या भिंतीला डोके टेकवून बसलेली असते. ते मडके मी मुद्दाम अरुंद तोंडाचे करून घेतले आहे. चारी बाजूंनी अंगाला काहीतरी टेकलेले असले, की तिला वर-खाली कळत असावे. पेटीत चढायला उंच फांदी नाही, पाण्याचे भांडे बोटभर खोल आहे. तोल जाऊन ती उलटी पडली तर खोल पाणी घातक ठरेल.

तिच्याबद्दल आईचे मत प्रथम चांगले नव्हते. “माणसाला माणूस बघायला वेळ न्हाय, आणि हे कशाला आणलास?” असे ती म्हणाली होती, आणि मला उत्तर देता आले नव्हते. गेल्या दिवाळीनंतर एका पहाटे आईने मला हाक मारली. ती कॉटवर बसली होती, दोन्ही हातांनी कॉटची कड पकडून, डोळे गच्च मिटून. “घर फिरूलालंय,” एवढेच ती म्हणाली. कानातले कण जागचे सरकल्यामुळे येणारी ती चक्कर होती; डॉक्टरांनी तिचे डोके एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवून काही मिनिटांत बरीच कमी केली. पण पुढचे दहा-बारा दिवस आई भिंत धरून चालत होती आणि रात्री पाठ भिंतीला टेकवून बसूनच झोपत होती. त्यांतल्याच एका संध्याकाळी ती त्या खोलीत येऊन स्टुलावर बसली आणि बराच वेळ पेटीकडे पाहत राहिली. मडक्यातून डोके बाहेर आले, कलले, उलटे झाले. “त्यालाबी असंच गरगरूलालं असंल काय रे?” आईने विचारले. तिला नेमके काय जाणवते हे मी कसे सांगणार? पण पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर काढलेला कान मी आईला दाखवला. “मला निदान बरं झालं,” ती म्हणाली, आणि तेव्हापासून लाईट गेली की चुलीवरचे पाणी तीच आधी ठेवते.

पेटीतल्या तिला मात्र बरे करता येणार नाही, हे पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले होते. त्यांनी मला तीन प्रश्न वहीत लिहून दिले: ती खाते का, तिचे वजन टिकून आहे का, उलटी पडली तर स्वतःहून सरळ होते का. ज्या दिवशी तिन्हींचे उत्तर नाही असे येईल त्या दिवशी मला फोन करा, ते म्हणाले, आणि त्या फोनचा अर्थ मला कळला. दर रविवारी मी तिला आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यासारख्याच, पण वेगळ्या काट्यावर ठेवतो. गेल्या रविवारी ती तेराशे चाळीस ग्रॅम होती. हे साप नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगतात. माझे वय सत्तेचाळीस, आईचे त्र्याहत्तर. हा हिशेब मी कधी पुरा करत नाही. ती मला ओळखते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. हातात घेतली की ती प्रथम आवळून गोळा होते, डोके मध्यभागी लपवते. त्या भीतीच्या सवयीमुळेच तिच्या जातीला ‘बॉल’ म्हणतात. मग हळूहळू सैल होते, आणि तिची कोरडी, थंड, रेशमासारखी हनुवटी माझ्या मनगटावर येऊन थरथरत राहते. मनगट पुढे करायचे की मागे घ्यायचे हे मला दर वेळी ठरवावे लागते. मी ते स्थिर ठेवतो.

नागपंचमीच्या त्या रात्री मला लहानपणचा गारुडी आठवला. दर वर्षी याच दिवशी तो आमच्या गल्लीत यायचा. बांबूच्या चपट्या टोपल्या, भगवे फडके, भोपळ्याची पुंगी. झाकण काढले की नाग फणा काढून उभा राहायचा आणि पुंगी जिकडे जाईल तिकडे झुकायचा. आम्ही पोरे टाळ्या वाजवायचो, बायका वाटीत दूध ठेवायच्या, वडील जुना सदरा द्यायचे. नाग डोलतो, असे आम्ही सगळेच म्हणत होतो. त्याला ते सूर आपल्यासारखे ऐकूच येत नव्हते. समोर हलणाऱ्या वस्तूवरून त्याला नजर काढता येत नव्हती, कारण ती वस्तू त्याच्यावर चाल करून येईल अशी त्याला भीती होती. त्याचे दात काढलेले असायचे, कित्येक दिवस त्याला पाणी दिलेले नसायचे, म्हणून तो पचत नसलेल्या दुधालाही तोंड लावायचा. ते पाहून आमच्या गल्लीतली माणसे सुखाने घरी जायची. त्यांच्या भक्तीत खोट नव्हती. काकूंच्याही नव्हती. म्हणूनच त्या दुपारी मला बोलवेना. जोडलेले हात खाली आणायला लावण्याचा अधिकार मला आहे असे वाटले नाही. पण हळद पुसताना वाटले, की गप्प राहून मीही त्या गारुड्यासारखा टोपलीचे झाकण उघडून उभा राहिलो होतो.

चार दिवसांनी काकूंचा डबा परत द्यायचा होता. रिकामा देऊ नये म्हणून आईने त्यात साखर घातली आणि मी तो घेऊन त्यांच्या मागाच्या खोलीत गेलो. चारही माग चालू होते. काकू कडेच्या मागापाशी तुटलेला धागा जोडत होत्या. मी डबा ठेवला आणि जे सांगायचे ते सांगितले. आवाजामुळे मला मोठ्याने बोलावे लागत होते, आणि इतकी नाजूक गोष्ट ओरडून सांगताना माझेच मन आखडत होते. कान, नळ्या, चक्कर, आईची ती पहाट. काकूंनी हात लांब करून माग थांबवला. मग दुसराही थांबवला.

“म्हंजे मी गेले तवा ते घाबरूलालतं?”

थोडे, असे मी म्हणालो. नवी माणसे आली की जास्त फिरते.

त्या धाग्याचे टोक बोटांत तसेच धरून उभ्या राहिल्या. “मग निजतंय तरी कसं?” त्यांनी विचारले. मी सांगितले, मडक्याच्या आतल्या भिंतीला डोके टेकवून. तिचे डोळे मिटत नाहीत, सापांना पापण्याच नसतात. पण डोके टेकलेले असले की फिरत नाही.

“आणि जेवतंय कवा?”

बारा-चौदा दिवसांनी, रात्री. तेव्हा हादरे बसले की नेम चुकतो, हेही मी सांगून टाकले; ते सांगायला मी आलो नव्हतो.

काकूंनी गाठ मारली, धागा ओढून पाहिला. “कुठल्या दिवशी ते आदल्या रात्री सांगत जा,” असे म्हणून त्यांनी माग पुन्हा चालू केला.